मॅरो स्वच्छ आहे, तरी केमो कशाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मोठा भाऊ, वय ४१. दोन महिने पाठ दुखत होती, मग पाय जड पडायला लागले. एमआरआयमध्ये मणक्याच्या पोकळीत, मज्जारज्जूला खेटून गाठ दिसली. मणक्याचा टीबी धरून तीन आठवडे एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, दिली. पायातली ताकद आणखी गेली तेव्हा घाईनं ऑपरेशन झालं. पॅथॉलॉजीचा पहिला रिपोर्ट ‘लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) असावा’, दुसरा ‘मायलॉइड सार्कोमा’. मॅरो, म्हणजे हाडांतली रक्त बनवणारी अस्थिमज्जा, तपासला, नॉर्मल. सीबीसी नॉर्मल. एक डॉक्टर म्हणतात गाठ निघाली, आता शेक (रेडिएशन) घ्या आणि तीन-तीन महिन्यांनी दाखवा. दुसरे म्हणतात हा ब्लड कॅन्सर आहे, याच आठवड्यात ॲडमिट व्हा. बहिणीनं विचारलंय, रक्तात काही नाही, मॅरोत काही नाही, मग ब्लड कॅन्सर कसा? आणि जो आजार सापडतच नाही त्याची केमो द्यायची? शेवटी हेही, की मॅरोचा ट्रान्सप्लांट केला तरी तो परत येईल का?

ताई, उत्तर आधी देतो, कारणं मागून. दुसरे डॉक्टर बरोबर आहेत. तुमच्या दादांना ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमियाच आहे, म्हणजे डॉक्टरांच्या बोलीत एएमएल. तो मॅरोत दिसायच्या आधी मणक्यात दिसला, एवढंच. ‘सापडत नाही’ हे मात्र खरं नाही. सापडलाय, काचेच्या स्लाइडवर सापडलाय. फक्त नेहमीच्या जागी सापडला नाही.

घोटाळा नावापासून सुरू होतो. सार्कोमा म्हटलं की हाडाची, स्नायूची गाठ डोळ्यांसमोर येते, जी सर्जननं मुळासकट काढली तर काम फत्ते. या गाठीला सार्कोमा म्हणतात ते जुन्या सवयीनं. १८११ साली स्कॉटलंडमधले ॲलन बर्न्स यांनी हिचं पहिलं वर्णन लिहिलं, तेव्हा ल्युकेमिया हा शब्दसुद्धा जन्मला नव्हता. १८५३ मध्ये किंग यांनी तिला ‘क्लोरोमा’ म्हटलं, ग्रीक भाषेत हिरव्याला जो शब्द आहे त्यावरून, कारण कापल्यावर गाठ हिरवी दिसायची. रक्ताच्या कर्करोगाशी तिचं नातं आहे हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला उमगलं. मधल्या काळात ‘ग्रॅन्युलोसायटिक सार्कोमा’ हे नाव चाललं. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ती ‘मायलॉइड सार्कोमा’ आहे आणि तिला एएमएलचंच एक रूप मानतात, मॅरोत ब्लास्ट, म्हणजे कच्च्या बिघडलेल्या, पेशी असोत वा नसोत. चार नावं झाली, आजार एकच.

हिरव्या रंगाचं मी पुस्तकात वाचलं होतं, पाहिलं फार उशिरा. एका बाईंच्या स्तनातली गाठ काढत असलेल्या सर्जन मित्रानं थिएटरमधून फोन केला, ‘वर ये, तुला काहीतरी दाखवायचंय.’ किडनी ट्रेमध्ये दोन फाकी करून ठेवलेली गाठ होती, पिस्त्याच्या गरासारखी. आम्ही बोलत होतो तेवढ्यात कडेनं तो हिरवेपणा मळत राखाडी व्हायला लागला. हा रंग मायलोपेरॉक्सिडेज नावाच्या एन्झाइमचा. ते मायलॉइड जातीच्या पेशींत भरलेलं असतं, आणि हवा लागली की रंग उडतो. सगळ्या गाठी हिरव्या नसतात, म्हणून रंगावर कुणी निदान करत नाही. त्या दिवशी रंगापेक्षा महत्त्वाचं काय झालं असेल तर सिस्टर दोन्ही फाकी फॉर्मलिनच्या बरणीत टाकणार होत्या आणि आम्ही एक वाचवली. ती सलाइनमध्ये ठेवून तडक लॅबला पाठवली. फॉर्मलिनमध्ये गेलेल्या पेशी मेलेल्या असतात. फ्लो सायटोमेट्रीला, म्हणजे यंत्रातून एकेका पेशीवरच्या खुणा वाचायच्या तपासणीला, आणि गुणसूत्रांच्या कल्चरला ताज्या पेशी लागतात. हे वाचणारे कुणी सर्जन असतील तर त्यांना हात जोडून सांगतो, गाठ विचित्र वाटली तर एक तुकडा फॉर्मलिनमध्ये न टाकता सलाइनमध्ये ठेवा.

आता तुमचा मुख्य प्रश्न. मॅरोत नसलेला ल्युकेमिया बाहेर कसा?

एएमएलच्या पेशी म्हणजे पांढऱ्या पेशींची बिघडलेली पिल्लं. त्यांचा कारखाना मॅरो हे खरं, पण त्यांच्या चांगल्या भावंडांचं कामच मुळी फिरण्याचं असतं. मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तातून बाहेर पडून कातडीत, हिरड्यांत, आतड्यात मुक्काम करतात, तो त्यांचा धर्म. बिघडलेली पेशी ही फिरस्ती विसरत नाही. म्हणून मोनोसाइटच्या वळणाच्या ल्युकेमियात हिरड्या सुजणं आणि अंगावर निळसर-लालसर गाठी येणं जास्त दिसतं. काही पेशींवर सीडी५६ सारखे चिकटणारे रेणू जास्त असतात, ८ आणि २१ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेल्या प्रकारात हे बऱ्याचदा आढळतं. अशा पेशी एका जागी रुतून गाठ करतात. १६ व्या गुणसूत्राचा तुकडा उलटा बसलेल्या प्रकारात गाठी पोटात, आतड्यापाशी निघतात. हाडांची आवरणं, लसिका ग्रंथी, मणक्याची पोकळी, अंडकोश, अंडाशय, स्तन, डोळ्यामागची खोबण, कुठलीही जागा वर्ज्य नाही.

हे क्वचित घडतं का? एएमएल झालेल्या प्रौढांत अशी गाठ हाताला किंवा डोळ्याला कळणं शेकड्यात तीन ते नऊ जणांत होतं. मात्र प्रत्येक नव्या रुग्णाचा पेट-सीटी, म्हणजे आजाराच्या जागा चमकून दिसणारा पूर्ण अंगाचा स्कॅन, केला तर आकडा वाढतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात साधारण पाचांत एकाला मॅरोबाहेर आजार निघाला. म्हणजे बऱ्याच जणांत तो असतो, आपण शोधत नाही. तुमच्या दादांसारखं, गाठ आहे आणि मॅरो साफ आहे, हे मात्र खरोखर दुर्मिळ. वर्षाला दहा लाख प्रौढांमागे सुमारे दोन.

इतकं दुर्मिळ म्हणूनच चुकतं. कुणाला दोष देत बसू नका, पण कसं चुकतं ते समजून घ्या, कारण तुमच्या हातातल्या फाइलमध्ये तेच झालंय. आपल्याकडे मणक्यात काही दिसलं की पहिला विचार टीबीचा येतो, आणि दहांतल्या बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. चूक टीबी मनात येण्यात नाही. सुई घालून तुकडा न तपासता एकेटी सुरू करण्यात आहे. मानेतल्या गाठींचंही हेच.

दुसरी अडखळण पॅथॉलॉजीत. सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी गोल, निळ्या, मोठ्या केंद्रकाच्या, एकाला एक चिकटून पसरलेल्या दिसतात. लिम्फोमाही तसाच दिसतो. मग लॅब लिम्फोमाचे रंग लावते, सीडी२० आणि सीडी३. दोन्ही कोरे येतात. सीडी४५ फिकट उमटतो. इथं थकलेला पॅथॉलॉजिस्ट ‘लिम्फोमा असावा, पुढील तपासणी’ असं लिहून मोकळा होतो. चाणाक्ष माणूस इथं थांबतो आणि पेशींच्या गर्दीत अर्धवट वाढलेले, केशरी दाणे असलेले इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींची एक जात) शोधतो. ते दिसले की त्याचा हात आपोआप मायलॉइड पेशींच्या खुणांकडे, म्हणजे एमपीओ (तेच मायलोपेरॉक्सिडेज), लायसोझाइम, सीडी११७, सीडी३३, सीडी६८ कडे जातो. सीडी४३ रंगला आणि सीडी३ नाही रंगला, हीसुद्धा खूण. दादांच्या दुसऱ्या रिपोर्टात यांपैकी काय लावलंय ते पाहा. एमपीओ किंवा लायसोझाइम, आणि सोबत आणखी दोन-तीन मायलॉइड खुणा स्पष्ट ‘पॉझिटिव्ह’ असतील तर निदान पक्कं समजा. नुसतं नाव लिहिलं असेल आणि खुणा लिहिल्या नसतील तर ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, दुसऱ्या मोठ्या केंद्रात पुन्हा वाचून घ्या. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये बाहेरचे ब्लॉक आणि स्लाइड्स तपासायची रोजची पद्धत आहे. त्यासाठी पेशंटला घेऊन धावपळ करायला लागत नाही, मेणाचा ब्लॉक गेला तरी पुरतं.

त्याच ब्लॉकवर जनुकांच्या तपासण्या होतात हे अनेकांना ठाऊक नसतं. मॅरो नॉर्मल म्हणून जनुकं बघायची राहून जातात आणि महिन्यांनी कुणीतरी विचारतं, ‘एफएलटी३ चं काय आलं?’ गाठीतूनच एनपीएम१, एफएलटी३, ८-२१ ची अदलाबदल, १६ ची उलट, केएमटी२ए हे सगळं बघून घ्या. पुढचा ट्रान्सप्लांटचा निर्णय याच कागदावर उभा राहणार आहे.

आणि ‘मॅरो नॉर्मल’ म्हणजे नेमकं काय? कमरेच्या हाडातून काढलेल्या थेंबभर नमुन्यात, डोळ्यांना, ब्लास्ट पाच टक्क्यांपेक्षा कमी दिसले. फ्लो सायटोमेट्री केली असेल तर दहा हजारांत एखादी बिघडलेली पेशीही पकडता येते. गाठीत एनपीएम१ चा बदल निघाला तर तोच बदल मॅरोत शोधता येतो, आणि कधी कधी ‘स्वच्छ’ मॅरोत तो सापडतोही.

समजा तिथंही नाही सापडला. तरी माझं मत बदलत नाही, आणि याला कारण एक पेशंट नाही, अनेक दशकांचा जगभरचा अनुभव आहे. नुसती गाठ काढून किंवा नुसते शेक देऊन थांबलेल्या माणसांपैकी जवळजवळ सगळ्यांना पुढे उघड एएमएल होतो, बहुतेकांना वर्षभराच्या आत. माझ्याकडे आलेला असा एक तरुण अजून आठवतो. मानेची गाठ, शेक झाले, गाठ विरली. सात महिने तो कामावर जात होता आणि घरच्यांनी पेढेही वाटले होते. मग दात घासताना हिरड्यातून रक्त यायला लागलं म्हणून आधी दातांच्या डॉक्टरकडे गेला. त्यांनी सीबीसी करायला सांगितलं म्हणून निभावलं. पांढऱ्या पेशी ऐंशी हजार. जी केमो धडधाकट असताना द्यायची, ती न्यूमोनिया झालेला असताना द्यावी लागली.

म्हणून पहिल्या डॉक्टरांचा सल्ला मला पटत नाही. शेक चुकीचे आहेत असं नाही, ते अपुरे आहेत. या पेशी शेकाला छान विरघळतात, साधारण २० ते २४ ग्रे (शेकाच्या मात्रेचं माप) पुरतात, म्हणजे दहा-बारा दिवसांचं काम. मज्जारज्जू दबत असेल आणि ऑपरेशन शक्य नसेल तर शेक आधी, त्याच दिवशी, सोबत डेक्सामेथासोन. पण दादांचं ऑपरेशन झालंय. पायांत ताकद परत येत असेल तर आधी केमो, आणि केमोनंतर पेट-सीटीवर काही उरलेलं दिसलं किंवा टीमला त्या जागेची काळजी वाटली तर शेक. ऑपरेशनची जखम भरायला दोन आठवडे लागतील, ते थांबणं रास्त. त्यापलीकडे नाही.

केमोआधी काही गोष्टी व्हायला हव्यात. पूर्ण अंगाचा पेट-सीटी, कारण दुसरी गाठ कुठे दडली असेल तर ती आत्ताच कळायला हवी. ऑपरेशनच्या जागी थोडी चमक दिसेल, ती भरणाऱ्या जखमेचीही असते, घाबरू नका. पाठीतून पाणी काढून त्यात पेशी आहेत का बघणं आणि तिथं औषध सोडणं. गाठ मज्जारज्जूच्या एवढी जवळ होती तर याबद्दल विचाराच. मात्र सुई कधी आणि कुठून घालायची ते न्यूरोसर्जनशी बोलून ठरवायचं. टूडी एको, कारण डॉनोरुबिसिन हृदयावर पडतं. कावीळ बी आणि सी, एचआयव्ही. आणि दादांना आणखी मूल हवं असेल तर वीर्य साठवून ठेवणं. एवढ्या धावपळीत हे विचारायला लाज वाटते आणि नंतर हळहळ उरते. एका सकाळचं काम आहे.

एकेटी. हा मुद्दा मी मुद्दाम वेगळा काढतोय. टीबी सिद्ध झाला नसेल, गाठीत टीबीचं काहीच मिळालं नसेल, तर सुरू करणाऱ्या डॉक्टरांना विचारून ती बंद करून घ्या, आणि आत्ताच. लाल लघवी करणारी ती रिफॅम्पिसिनची गोळी यकृताची यंत्रणा अशी पेटवते की इतर औषधं रक्तात टिकतच नाहीत. केमोत पेशी उतरल्यावर बुरशीपासून वाचवणारी व्होरिकोनाझोलसारखी औषधं तिच्यासोबत निरुपयोगी ठरतात. व्हेनेटोक्लॅक्स, मिडोस्टॉरिन यांचीही तीच गत. गोळी बंद केल्यावरही हा परिणाम साधारण दोन आठवडे रेंगाळतो. हिमॅटॉलॉजिस्टला, म्हणजे रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांना, पहिल्याच भेटीत सांगा की एकेटी चालू होती, शेवटची गोळी अमुक तारखेला घेतली. पुष्कळदा ती जुन्या हॉस्पिटलच्या फाइलमध्येच राहते. आणि घरात कुणी गुळवेलीचा काढा देत असेल तर तोही थांबवा. गुळवेलीनं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी कोविडच्या काळात मुंबईतल्याच डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्यात.

केमो कुठली? नेहमीच्या एएमएलचीच. वॉर्डात तिला ‘सेव्हन प्लस थ्री’ म्हणतात. सायटॅराबिन सात दिवस चोवीस तास चालू, डॉनोरुबिसिन पहिले तीन दिवस. औषध आठवड्यात संपतं, हॉस्पिटल महिनाभर चालतं, कारण दुसऱ्या आठवड्यापासून रक्तातल्या पेशी तळाला जातात. ताप आला की रात्री दोन वाजतासुद्धा अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायला हवं. एसडीपी (एकाच दात्याकडून घेतलेल्या प्लेटलेट्स) देणारे सहा-आठ दाते आधीच गोळा करून ठेवा. नातेवाइकांची यादी कराल तेव्हा सख्ख्यांना त्यातून वगळा, का ते खाली सांगतो. एफएलटी३ असेल तर मिडोस्टॉरिन जोडतात. पंच्याहत्तरीचं किंवा हृदय कमजोर असलेलं माणूस असतं तर मी ॲझासिटिडिन आणि व्हेनेटोक्लॅक्स निवडलं असतं. ४१ व्या वर्षी नाही.

महिन्यानं मॅरो पुन्हा करतील. तो आधीही साफ होता, आत्ताही साफच येईल, त्यावरून केमो लागू पडली असं कुणी म्हणू नये. इथं मोजपट्टी पेट-सीटी आहे. मॅरोबाहेरचा आजारही पूर्ण गेला तरच ‘रेमिशन’ हा शब्द वापरायचा. पेशी वाढवायचं जीसीएसएफ इंजेक्शन चालू असताना स्कॅन केला तर सगळी हाडं पेटल्यासारखी दिसतात आणि घरात रडारड होते. ते थांबून थोडे दिवस गेल्यावरच स्कॅन करा.

पुढे जास्त डोसच्या सायटॅराबिनचे फेरे, आणि ट्रान्सप्लांटची चर्चा. ८-२१ सारखा ‘चांगला’ समजला जाणारा बदल निघाला तरी गाठीसह आलेल्या आजारात मी त्या चांगुलपणावर डोळे मिटून विसंबत नाही. इतर प्रकारांत, तब्येत झेपत असेल तर, पहिल्याच रेमिशनमध्ये ट्रान्सप्लांट करावा याकडे माझा कल असतो. सगळे हिमॅटॉलॉजिस्ट यावर एकमताचे नाहीत. मोठ्या संख्येनं रुग्ण घेऊन तुलना करावी इतका हा आजार होतच नाही, त्यामुळे टीमनं तुमच्यासमोर बसून वाद घातला तर ते वाईट लक्षण समजू नका.

आता सख्ख्यांना वगळायचं कारण. ट्रान्सप्लांटचा पहिला दाता म्हणजे सख्खं भावंड, म्हणजे तुम्ही. एचएलए, म्हणजे दात्याशी जुळवायच्या पेशींवरच्या खुणा, पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक, अर्धं जुळण्याची दोनांत एक, आणि आता अर्ध्या जुळणीवरही ट्रान्सप्लांट होतात. तुमच्या रक्ताचे घटक दादांना आधीच चढवले तर त्यांचं शरीर तुमच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवू शकतं. म्हणून दाते शेजारचे, ऑफिसातले, गावाकडच्या मंडळातले शोधा. तुम्ही फक्त एचएलए तपासणीसाठी रक्ताची नळी द्या, पहिल्या केमोच्याच काळात.

ट्रान्सप्लांटनंतर ‘परत येईल का’ असं तुम्ही शेवटी विचारलंय. येऊ शकतो. आणि या लोकांत तो मॅरोत न येता बाहेरच कुठेतरी गाठ होऊन यायची खोड असते. नव्या पेशींचा पहारा मॅरोत कडक असतो, कातडीत, अंडकोशात, मज्जासंस्थेत ढिला. रक्ताच्या तपासणीत शंभर टक्के दात्याच्या पेशी आणि पोटरीवर सुपारीएवढी गाठ, असे पेशंट मी पाहिलेत. त्यामुळे पुढची काही वर्षं अंगावर नवं काही उठलं, हिरडी जाड झाली, एका बाजूचा अंडकोश टणक लागला, पाठीत जुन्याच जागी किंवा नव्या जागी दुखायला लागलं, तर ‘सीबीसी नॉर्मल आहे ना’ म्हणून गप्प बसू नका. फोटो काढून पाठवा आणि सुईची तपासणी मागा.

एक कागदोपत्री गोष्ट. डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘सार्कोमा’ राहिलं तर विमा कंपनी आणि योजनेच्या मंजुरीचे लोक गोंधळतात. सार्कोमाला ही केमो कशी, म्हणून फाइल परत येते. ‘ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, मायलॉइड सार्कोमाच्या रूपात’ असं स्पष्ट लिहून घ्या. महात्मा फुले योजनेचा विचार असेल तर रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव आधी जुळवून ठेवा, आणि ॲडमिट होण्यापूर्वी हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला भेटा.

आणि ब्लॉक. ऑपरेशन झालं त्या हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजीत उद्या सकाळीच अर्ज द्या, ब्लॉकचा नंबर रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात असतो. ब्लॉक शर्टाच्या खिशात किंवा गाडीच्या डिकीत नका ठेवू. उन्हात मेण वितळतं.